इंजिनचा संगणक पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

ऊसविकास अधिकारी, शेतकी विभाग



बेणे, लागवड, खते, पाणी आणि खोडव्याची निगा हे या पानावरचे आपले नेहमीचे विषय. या अंकात थोडा वेगळा विषय घेतला आहे. पूर्वी दारात बैलगाडी असे, आता मोटार, पिकअप आणि ट्रॅक्टर उभे असतात. यांतल्या नव्या वाहनांच्या इंजिनवर एक छोटा संगणक बसविलेला असतो. गळीत हंगामात ही वाहने दिवसरात्र धुळीत आणि खाचखळग्यांत पळतात. मग केव्हातरी समोरच्या पाटीवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो.

अशा वेळी गावात एक उपाय सर्रास सांगितला जातो. "आबा, बॅटरीची पट्टी दहा मिनिटं काढून ठेवा, लाइट जाते बघा." पुष्कळ गाड्यांत लाइट जाते, हे खरे आहे. पण नंतर गाडी चौकात थांबली की बंद पडते, रेस आपोआप वर-खाली होते, आणि चार-आठ दिवसांत दिवा पुन्हा हजर होतो. मग कोणीतरी म्हणते, "संगणकच गेला, बदलावा लागेल." या एका वाक्यापायी उसाच्या बिलातून मोठी रक्कम जाते, आणि कित्येकदा मूळ दोष एखाद्या फाटक्या रबरी नळीचा असतो. सबब, संगणक पुसल्यावर तो काय करतो, हे प्रत्येक वाहनधारक सभासदाने समजून घेणे जरूर आहे.

संगणकाचे काम काय?

जुन्या गाडीत कार्बोरेटर होता. मिस्त्री कान लावून, स्क्रू फिरवून हवा आणि पेट्रोल जुळवायचा. आता ते काम संगणक करतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिनमध्ये किती हवा गेली, इंजिन किती गरम आहे, किती फेऱ्यांनी फिरते, हे सेन्सर सांगतात. त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे संगणक ठरवितो.

पण हिशेब बरोबर आला की चुकला, हे कळणार कसे? त्यासाठी धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर आलेल्या वायूत प्राणवायू जास्त उरला, तर पेट्रोल कमी पडले. प्राणवायू उरलाच नाही, तर पेट्रोल जास्त झाले. हा सेन्सर संगणकाला सतत कळवीत असतो, आणि संगणक पुढचा डोस कमी-जास्त करतो. अशी व्यवस्था प्रथम १९७६ साली बॉश कंपनीच्या सेन्सरसह व्होल्व्होच्या मोटारींत आली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या नव्या मोटारींत या संगणकाचे काम आणखी वाढले आहे.

शिफारशीचा डोस आणि माती परीक्षण

संगणकाच्या डोक्यात दोन प्रकारची माहिती असते. आपल्या शेतीच्या भाषेत सांगतो.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश ही विद्यापीठाची सर्वसाधारण शिफारस आहे. ती सगळ्यांना सारखीच. पण तुमच्या गट नंबरातील मातीचा अहवाल आला म्हणजे आपण त्यात कमी-जास्त करतो. शेजारच्या गटाचा अहवाल तुमच्या गटाला चालत नाही.

संगणकाचेही तसेच. कंपनीने घालून दिलेला पेट्रोलचा तक्ता ही शिफारस. ती कायमची कोरलेली असते. पट्टी काढली म्हणून पुसली जात नाही. दुसरी माहिती म्हणजे तुमच्या गाडीपुरती केलेली दुरुस्ती. इंजेक्टर थोडे चोंदले असतील तर ५ टक्के जादा द्या, पंपाचा दाब बरा असेल तर ३ टक्के कमी द्या, अशी. हा झाला तुमच्या गाडीचा माती परीक्षण अहवाल. त्यातही दोन भाग आहेत. एक क्षणाक्षणाला बदलणारी तात्पुरती दुरुस्ती आणि दुसरी सावकाश जमणारी, जपून ठेवलेली कायम दुरुस्ती. साधारणपणे दोन्ही मिळून १० टक्क्यांच्या आत-बाहेर असतील तर इंजिन ठीक समजतात.

ही कायम दुरुस्ती एकच आकडा नसते. इंजिनच्या फेऱ्या आणि त्यावरील भार यांप्रमाणे चौकटी पाडलेल्या असतात, आणि पुष्कळ गाड्यांत प्रत्येक चौकटीचा आकडा वेगळा जमतो. म्हणजे गट नंबरागणिक अहवाल.

पुष्कळ जुन्या मोटारींत हा अहवाल बॅटरीच्या विजेवर टिकतो. पट्टी काढली की गेला. नव्या वाहनांत त्यातला बराच भाग बॅटरी काढली तरी शिल्लक राहतो, आणि तो पुसायला स्कॅनर लागतो. म्हणून "पट्टी काढली तरी लाइट जात नाही" अशी तक्रार नव्या गाड्यांबद्दल येते. त्यात नवल काही नाही.

पुसल्यावर क्रमाने काय घडते?

अहवाल फाडून टाकला की संगणक पुन्हा कंपनीच्या शिफारशीवर येतो. त्यानंतर पुढील गोष्टी घडतात.

१) पहिली काही मिनिटे ऑक्सिजन सेन्सर थंड असतो. तो सुमारे ३०० अंश सेल्सियस तापल्याशिवाय काम करीत नाही. तोवर संगणक डोळे झाकून तक्त्याप्रमाणे पेट्रोल देतो.

२) गाडी उभी असताना इंजिनला किती हवा द्यायची, हेही तो विसरलेला असतो. हवेच्या झडपेवर, म्हणजे थ्रॉटल बॉडीत, काळा थर बसलेला असेल तर हवा कमी पडते, रेस खाली येते आणि इंजिन बंद पडते. एसी लावला की जास्तच.

३) सेन्सर तापला की तात्पुरती दुरुस्ती लगेच सुरू होते. मग हळूहळू ती कायम दुरुस्तीत जमा होते. पण ज्या चौकटीत गाडी चालेल तीच भरते. नुसते वस्ती ते गट ऑफिस एवढेच फिरले, तर हमरस्त्याच्या चौकटी रिकाम्या राहतात. म्हणून आठ दिवसांनी लांबच्या गावाला निघाल्यावर गाडी थोडी वेगळी वाटू शकते.

४) स्वयंचलित गिअरच्या गाडीत गिअर पडताना पहिले काही दिवस झटका जाणवू शकतो. खिडकीच्या काचा आपोआप वर जाणे, घड्याळ, रेडिओ यांचीही पुन्हा जुळणी करावी लागते.

५) सर्वांत शेवटी स्वतःची तपासणी पूर्ण होते. धूर शुद्ध करणारा भाग, ऑक्सिजन सेन्सर, टाकीतील वाफेची व्यवस्था यांची परीक्षा संगणक आपली आपण घेत असतो. पुसल्यावर या परीक्षा "अपूर्ण" दिसतात. त्या पुऱ्या व्हायला रात्रभर थंड झालेले इंजिन, एकसारख्या वेगाची धाव अशा अटी लागतात. त्यामुळे कित्येकदा दोन-चार दिवस किंवा त्याहून अधिक वेळ जातो.

एवढ्यावरून दिसेल की, पुसल्यानंतर गाडी थोडी अडखळली म्हणजे संगणक बिघडला असे नाही. तो शिकत आहे. नव्या ड्रायव्हरला आपल्या ट्रॅक्टरचा क्लच कळायला दोन खेपा लागतातच.

पुसल्याने दोष उघडा पडतो

आता मुख्य मुद्दा. दोन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण. एका मोटारीत हवा वजनाने मोजणारा सेन्सर आहे, आणि त्याच्या पुढची रबरी नळी चिरली आहे. न मोजलेली हवा आत शिरते. पेट्रोल कमी पडते. संगणक हळूहळू दुरुस्ती वाढवीत उभ्या गाडीला २० टक्क्यांवर जातो. मर्यादा ओलांडल्यावर दिवा लावतो आणि "मिश्रण पातळ" या अर्थाचा पी ०१७१ हा क्रमांक नोंदवितो. गाडी मात्र बरी चाललेली असते, कारण कमतरता संगणकाने झाकून घेतली आहे.

अशा वेळी पट्टी काढली तर? दिवा गेला, पण २० टक्क्यांची मदतही गेली. गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालू लागते. थोड्या वेळाने संगणक पुन्हा २० टक्क्यांवर चढतो, गाडी सुधारल्यासारखी वाटते, आणि असा दोष सहसा लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसला की दिवा पुन्हा लागतो. चक्र तेच. नळी चिरलेलीच.

शिवाय मोठे नुकसान निराळेच. पुसण्याआधी मिस्त्रीने स्कॅनर लावला असता, तर उभ्या गाडीला २० टक्के आणि २५०० फेऱ्यांना फक्त ४ टक्के असे आकडे दिसले असते. यावरून हवेची गळती ओळखता येते, कारण गळतीचा हिस्सा कमी फेऱ्यांत मोठा आणि जास्त फेऱ्यांत लहान असतो. आकडे याच्या उलट असते, म्हणजे जोरात पळताना दुरुस्ती वाढत असती, तर पेट्रोल फिल्टर किंवा पंपाकडे बघावे लागले असते. दोष उमटला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि भार हेही संगणक टिपून ठेवतो. पट्टी काढली की ही सगळी पंचनाम्याची कागदपत्रे आपल्याच हाताने जाळली. रोगट पान तोडून फेकायचे आणि मग "कोणता रोग होता?" असे विचारायचे, त्यातला प्रकार.

दुसरे उदाहरण. थ्रॉटल बॉडीवर थर साचत गेला. संगणकाने महिनोन्महिने झडप थोडी थोडी जास्त उघडून रेस सांभाळली. मग मिस्त्रीने ती स्वच्छ धुतली. आता झडप गरजेपेक्षा जास्त उघडते, कारण जुना आकडा अजून लक्षात आहे. रेस वर चढते आणि मालक म्हणतो, "साफ केली आणि बिघडली." इथे पुसणे, किंवा स्कॅनरने नव्याने शिकविणे, हेच योग्य काम. जमीन सुधारली, तर जुना अहवाल टाकून नवा घ्यायलाच हवा.

म्हणून सूत्र एकच आहे. दुरुस्तीनंतर पुसणे योग्य. दुरुस्तीऐवजी पुसणे अयोग्य.

आपले इथेनॉल आणि संगणक

हा मुद्दा आपल्या जिव्हाळ्याचा आहे. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा जून २०२२ मध्ये आणि २० टक्क्यांचा २०२५ साली गाठला गेला. त्यात उसाचा वाटा मोठा आहे.

इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो. त्यामुळे एक किलो इथेनॉल जळायला सुमारे ९ किलो हवा पुरते. २० टक्के मिश्रणाला हे प्रमाण सुमारे १३.५ होते. अर्थात तेवढ्याच हवेला इंधन थोडे जास्त द्यावे लागते. १० टक्के मिश्रणावरून २० टक्क्यांवर येताना ही वाढ सुमारे ४ टक्के होते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी ती आपोआप शिकून घेते.

मात्र जुन्या, साध्या पेट्रोलसाठी जुळविलेल्या गाडीचा संगणक पुसला, तर ती शिकवण जाते. पुन्हा शिकेपर्यंत मिश्रण पातळ राहते, आणि थंडीच्या सकाळी गाडी सुरू व्हायला जरा त्रास देते.

काही मंडळी मायलेज वाढावे म्हणून संगणक पुसतात. तसे होत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात साध्या पेट्रोलसाठी बनविलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळविलेल्या चारचाकींचे मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. आपण इथेनॉलचे उत्पादक आहोत म्हणून ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. पण घट त्याहून बरीच जास्त वाटत असेल, तर प्लग, एअर फिल्टर, टायरची हवा आणि संगणकातील आकडे तपासावेत.

पुसल्यावर गाडीला कसे शिकवावे?

गाडीसोबतच्या पुस्तकात वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळावी. नसेल तर सर्वसाधारण रीत अशी.

१) दिवे, पंखा, एसी बंद ठेवून थंड इंजिन सुरू करावे. ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत गाडी मोकळ्या जागेत उभी राहू द्यावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुराने जीव जातो.

२) मग एसी आणि दिवे लावून आणखी काही मिनिटे थांबावे.

३) त्यानंतर गावातून सावकाश आणि पुढे मोकळ्या रस्त्यावर ५०–६० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने दहा-पंधरा मिनिटे चालवावी. मागेपुढे वाहन नसेल तेथे गिअरमध्येच पाय काढून वेग उतरू द्यावा. असे तीन-चार वेळा करावे.

४) पहिले दोन-तीन दिवस जोरात रेस करणे आणि जादा ओझे टाळावे. टाकी अगदी रिकामी किंवा काठोकाठ भरलेली नसावी.

या दिवसांत रेस आपोआप सुधारत गेली तर सारे ठीक. सुधारली नाही, तर मूळ दोष शिल्लक आहे असे समजावे.

डिझेल वाहनांविषयी

पिकअप आणि नव्या ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनांतही संगणक आहेच. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू आहेत. या इंजिनांत इंजेक्टर बदलला तर त्याच्यावरील सांकेतिक क्रमांक पुष्कळदा स्कॅनरने संगणकात भरावा लागतो. पट्टी काढून ते काम होत नाही. ज्या वाहनांत काजळी अडविणारा फिल्टर आहे, त्यांत काजळीचा दिवा पुसल्याने काजळी जळत नाही. ती जाळायला गरम इंजिनची लांब धाव लागते. दिवा पुसत राहिले, तर फिल्टर चोंदून मोठा खर्च येतो.

जुनी गाडी घेताना सावधान

उसाचे बिल हाती आले की अनेक जण जुनी मोटार बघायला निघतात. विकणाऱ्याने आदल्या दिवशी दोष पुसून ठेवला असेल तर दिवा दिसणार नाही. यावर उपाय आहे.

किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता बघावे. इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे, आणि सुरू केल्यावर गेला पाहिजे. लागतच नसेल तर तो काढून टाकला असण्याचा संशय घ्यावा. मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या जोडणीला स्कॅनर लावून घ्यावा. बहुतेक नव्या गाड्यांत "दोष पुसल्यापासून किती किलोमीटर चालली" हा आकडा मिळतो. तो पाच-दहा किलोमीटर निघाला आणि तपासण्या "अपूर्ण" दिसल्या, तर विकणाऱ्याला सांगावे, "दादा, चार दिवस चालवा, मग परत बघू." प्रामाणिक माणूस कबूल होईल. अमेरिकेतील अनेक राज्यांत बऱ्याच तपासण्या अपूर्ण असलेली गाडी धुराच्या परीक्षेला घेतच नाहीत, ती याच कारणाने.

पट्टी काढताना आणि वेल्डिंग करताना

इंजिन चालू असताना पट्टी कधीही काढू नये. दाब उसळून संगणक खरोखर जळू शकतो. किल्ली काढून पाच-दहा मिनिटे थांबावे. काढताना निगेटिव्ह पट्टी आधी आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. पान्हा बॉडीला लागून ठिणगी पडू नये, हे त्याचे कारण.

ट्रॅक्टरचा हुक किंवा पिकअपचे गार्ड इलेक्ट्रिक वेल्डिंगने जोडायचे असेल, तर आधी बॅटरीच्या पट्ट्या काढाव्यात आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावावी. ट्रॉलीचे काम असेल तर ट्रॅक्टर सोडून बाजूला न्यावा.

बॅटरीच्या टोकावर हिरवा-पांढरा थर जमला असेल तर तो गरम पाण्याने धुऊन पट्टी घट्ट करावी. सैल पट्टी खाचखळग्यांत सुटते-लागते, आणि जुन्या गाडीचा संगणक रोज शिकतो व रोज विसरतो. अशा गाडीची रेस कधीच स्थिर होत नाही.

थोडक्यात

दिवा स्थिर असेल तर घाबरू नये, पण लवकर स्कॅनर लावून क्रमांक आणि दुरुस्तीचे आकडे कागदावर लिहून घ्यावेत. दिवा लुकलुकत असेल आणि इंजिन मिसिंग मारत असेल, तर वेग कमी करून गाडी शक्य तितक्या लवकर थांबवावी. न जळालेले पेट्रोल धूर शुद्ध करणारा भाग जाळून टाकते. तेलाचा दिवा किंवा तापमानाचा काटा वर गेला असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे. संगणक बदलण्याचा निर्णय वायरिंग, नळ्या, बॅटरी आणि सेन्सर तपासल्यावरच घ्यावा.

वाहनधारक सभासदांनी आपल्या मिस्त्रीला एकच गोष्ट आवर्जून सांगावी: "आधी वाच, मग दुरुस्त कर, आणि शेवटी पूस."